पोथीच्या ठवणीवर कादंबरी

मित्रांनो, माझं नाव सांगितलं तर तुमच्यातले निम्मे जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. मी ठवणी. पोथी जमिनीवर ठेवायची नसते, मांडीवर घ्यायची नसते, म्हणून ती उघडून जिच्यावर ठेवतात ती लाकडी घडी. उघडली की मी फुलीसारखी दिसते, मिटली की नुसती फळी. वय साठीच्या आसपास, मुक्काम आगाशी. आणि आधीच सांगून ठेवते, स्वभावाने मी गोड नाही. जन्मभर देवाची अक्षरं अंगावर वागवली, आणि गेल्या वर्षी माझ्यावर एक कादंबरी आणून ठेवली. त्याचा जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

मला घडवलं शेजारच्या नंदाखाल गावच्या पास्कू सुताराने. चर्चच्या बाकांसाठी आणलेल्या सागाची एक फळी उरली होती, तिच्यातून मी झाले. खिळा नाही, डिंक नाही, सांधा नाही. एकच फळी त्याने अशा युक्तीने चिरली की दोन पानं एकमेकांत अडकूनच राहिली. चिरण्याआधी त्याने विचारलं होतं, ‘हिच्यावर कसलं पुस्तक ठेवणार?’ पोथी, असं कळल्यावर तो उठला, विहिरीवर हात धुऊन आला आणि मग त्याने करवत उचलली. परधर्माच्या माणसाने दिलेला तो मान मी विसरलेली नाही. माझ्या धर्माच्या माणसांनी पुढे काय काय केलं ते ऐकाल, तेव्हा तुम्हालाही तो विसरता येणार नाही.

मला करवून घेणारे होते, पुढे ज्या माझ्यासमोर वाचायला बसल्या त्या यशोदाबाईंचे सासरे. सकाळी केळीच्या वाडीत खुरपायचं आणि दुपारी आंघोळ करून देवळात पोथी वाचायला बसायचं, असा त्यांचा चातुर्मास. समोर पन्नास-साठ माणसं बसत. त्यांचे नियम दोनच. पहिला, सुरू केलेलं वाचन अर्ध्यावर सोडायचं नाही. पहिल्या दिवशी जो बसला त्याने समाप्तीलाही बसायचं. दुसरा, अशुभावर पोथी मिटायची नाही. मरण, शाप, वनवास, लढाई चालू असेल तर कितीही वेळ लागो, पुढे वाचत जायचं, आणि कुठे जन्म, लग्न, भेट, वरदान लागलं की मगच थांबायचं. ‘ऐकणारा माणूस घरी जाताना वाटेत काय घेऊन जाणार, ते वाचणाऱ्याच्या हातात असतं,’ असं ते सांगत.

आणि संध्याकाळी कीर्तन. काय सांगू मित्रांनो, त्या सुखाला तोड नाही. समया लागायच्या, झांजा एकदम उठायच्या, पूर्वरंग संपला की सगळ्यांच्या कपाळी बुक्का, आणि मग आख्यान. मी खांबाला टेकून ऐकत असे. एक बुवा दर वर्षी येत. आख्यानातला दुष्ट माणूस बोलायला लागला की ते चिपळ्या स्वतःच्या छातीला टेकवत आणि खाली बघत. समोरच्या कुणाकडेही नजर नाही. एकदा देवळाचे पंच त्यांना हसत म्हणाले, ‘बुवा, तो कंजूष म्हणजे आमच्या गावातला कोण, ते आम्हाला बरोबर कळलं.’ बुवा म्हणाले, ‘चुकीचं कळलं. मी माझंच सांगत होतो.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘ही बाई बोलत नाही, पण गावात सगळ्यांत जास्त हिनंच ऐकलंय,’ असं म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी शाबासकी.

सासरे गेल्यावर यशोदाबाई वाचायला बसू लागल्या. तेव्हा बाईमाणसाने देवळात वाचायचं म्हणजे कुजबुज झालीच, पण त्यांनी ओवी लावली की कुजबुज थांबायची. असा आवाज. खालच्या सुरात खर्ज, वर गेला तर देवळाची घंटा हलकेच वाजावी असा. चोवीस वर्षं त्या माझ्यासमोर बसल्या.

मग देवळात फरशा बसल्या, स्पीकर आले. पोथी मोबाइलमधून लागू लागली. तिला ठवणी लागत नाही, ऐकणाराही लागत नाही. मला मागच्या कोठीत टाकलं. माझ्यावर दिव्यांच्या माळांचं खोकं आलं, त्याच्यावर ओले पंचे आले. एका पानाला कीड लागली. सहा वर्षं मी एक अक्षर ऐकलं नाही. देवाच्या दारात राहून, मित्रांनो. राग येईल की नाही?

आता ज्यांच्यासाठी मला बाहेर काढलं त्यांची ओळख करून देते. यशोदाबाईंना एक धाकटी जाऊ आहे, हंसाबाई. दोघींची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त अळूचा वाफा. आणि त्या वाफ्यावरून अकरा वर्षं एक शब्द पलीकडे गेला नव्हता. भांडण बावखलावरून. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांना पाणी पुरवणारं, वाडवडिलांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. वाटणीत ते हंसाबाईंच्या बाजूला गेलं. पुढे त्यांचे यजमान वारले आणि वर्षाच्या आत त्यांनी ते भराव टाकून बुजवलं, वर तीन भाड्याच्या खोल्या बांधल्या. यशोदाबाईंच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, पानवेली गेल्या. त्या अळूच्या वाफ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, ‘नवरा गेला तो गेला, आता पाणीही मारलंस.’ ते शेवटचं बोलणं.

यशोदाबाईंना मूलबाळ नाही. हंसाबाईंची रुचिता चौदा वर्षांची होईतो काकीच्याच हातचं जेवली, काकीच्याच मांडीवर पोथी ऐकत झोपली. आता ती पंचवीसची. माणिकपूरला औषधांच्या दुकानात कामाला जाते. मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलं होतं. तिचं मागणं एवढंच की पहिली हळद काकीने लावावी. आमच्याकडे घरातली थोरली सुवाशीण ती लावते. हंसाबाईंचं म्हणणं, ‘मी बोलवायला जाणार नाही.’ यशोदाबाईंचं म्हणणं, ‘हाताला धरून नेल्याशिवाय मी जाणार नाही.’ यशोदाबाईंचे यजमान आत्माराम दोन्ही घरी चहा पीत आणि दोन्ही घरी गप्प बसत. असा हा तिढा.

आता ती कादंबरी. आगाशीच्या बाजारात वाचनालयाच्या माडीवर जुलियाना टीचरांनी वाचकगट काढला. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गणपतीनंतर दर रविवारी चार वाजता. वाचायचं ठरलं ते पाचशे पानांचं पुस्तक, एका घरातल्या दोन भावांचं आणि त्यांच्या बायकांचं. वाचनालयात प्रत एकच, म्हणून एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. रुचिताने काकीचं नाव घातलं, कारण आवाज. आईचंही नाव घातलं. एकीला दुसरीचं सांगितलं नाही. काकीचं मनगट दुखतं म्हणून पंचांना विचारून ती मला कोठीतून घेऊन आली, ओल्या फडक्याने पुसलं. ओल्याने पुसू नये, पण पोरीला काय माहीत.

आणि मग ते माझ्यावर ठेवलं. गुलाबी कव्हर, त्यावर अर्धं उघडं दार. मी आतून कडकडले. यशोदाबाईंनी मात्र सवयीने पुस्तकाला डोकं टेकवलं.

गटात श्रीपतभाऊ होते, खाडीकाठच्या गावचे भातशेतीवाले, बाजाराच्या निमित्ताने येत. ते म्हणाले, ‘यशोदाताय, त्यात देव नाय. भांडना हायत.’

‘असू देत. अक्षर आहे ना,’ यशोदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात हंसाबाई दारात आल्या. समोर कोण बसलंय ते बघितलं आणि एका पायातली चप्पल काढून तशाच उभ्या राहिल्या.

‘रुचिता, तू मला सांगितलं नव्हतंस.’

‘आई, बस ना.’

यशोदाबाई टीचरांकडे वळल्या. ‘टीचर, कुणाला घरी काम असेल तर त्यांनी खुशाल जावं. आपण सुरू करू.’

‘टीचर, मला घरी काहीच काम नाही,’ हंसाबाई म्हणाल्या आणि दुसरी चप्पल काढली.

एक नियमाने बसली, दुसरी हट्टाने बसली. पण बसल्या.

तिसऱ्या प्रकरणात कादंबरीतले वडील वारले. टीचर म्हणाल्या, ‘छान. इथे थांबू, पुढच्या रविवारी पुढचं.’

यशोदाबाईंनी चष्मा काढला नाही. ‘मरणावर मिटत नाहीत, टीचर.’

‘अहो, ही कादंबरी आहे.’

‘पुस्तकच ना? माणसं घरी काय घेऊन जातील?’

मी मनात म्हटलं, सासऱ्यांची सून शोभते. टीचरांना वाटलं, पाच-दहा पानांचा प्रश्न आहे. चौथ्या प्रकरणात तेराव्याला भावाभावांची हातघाई झाली. पाचव्यात वाटणी. वाटणीत देवाची पितळी समई कुणाची यावरून थोरली जाऊ द्वारका आणि धाकटी जाऊ कुंदा यांनी एकमेकींचे केस धरले. सहाव्यात आंब्याचं झाड तोडलं. यशोदाबाई वाचतायत, घशाला कोरड, श्रोते चुळबुळ करतायत, उठायचं तर पाप.

श्रीपतभाऊंनी शेवटी हात वर केला. ‘माजी सातची बस गेली. या घरात कोनी एकदा तरी पेढे वाटनार हाय का नाय?’

सव्वासातला द्वारकाच्या म्हशीला पारडू झालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि यशोदाबाईंनी पुस्तक मिटलं. मित्रांनो, एका पारडावर मिटलेलं वाचन मी जन्मात पाहिलं नव्हतं. लेखकाला शुभ म्हणजे काय ते ठाऊकच नसावं.

पुढे पुढे गटाला त्याची चटक लागली. साडेपाच वाजले की सगळे शुभाच्या मागावर. कुणाला दात आला, कुणाला पत्र आलं, की लगेच, ‘मिटा, मिटा.’ एकदा कुंदाच्या चुलीवर दूध उतू गेलं, तेव्हा श्रीपतभाऊ म्हणाले, ‘नव्या घरात उतू गेला तर शुभ. ह्या जुन्या घरात गेलाय, पन हिस्सा नवा हाय. टीचर, काय धरायचा?’ टीचरांनी शुभ धरलं. त्यांना माणिकपूरच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायचं होतं.

इथवर मी सहन केलं. पण चौथ्या रविवारी यशोदाबाईंनी जे केलं ते मला अजून सलतं. कुंदाचं बोलणं आलं की त्या नाकात बोलायला लागल्या, शब्दाचं शेपूट ओढत. ‘मला काऽय माहीत बाई, माझा वाटा मी घेतला.’ अगदी हंसाबाईंचा आवाज. मागच्या बाकावर दोघी-तिघी हसल्या. हंसाबाई हसल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले.

पान संपताच त्या म्हणाल्या, ‘टीचर, एकाच माणसाने किती दमायचं? पुढचं मी वाचते.’

त्यांनी मला फरफटत आपल्यासमोर ओढलं. फरशीच्या खाचेत अडकून माझ्या पानाचा कोपरा उडाला. आणि द्वारकाचं बोलणं आल्यावर हंसाबाईंनी सूर लावला तो थेट पोथीचा, ओवीच्या चालीवर, डोळे मिटून, मान डोलावत. ‘या घराची अब्रू मीऽऽ राखते.’ या वेळी सगळी माडी हसली. श्रीपतभाऊंनी तर मांडीवर थाप मारली, आणि मग यशोदाबाईंचा चेहरा बघून हात गुडघ्याखाली लपवला.

तेव्हापासून ते वाचन राहिलं नाही. पाळी एकीची, मग दुसरीची, आणि दर पाळीला मला इकडून तिकडे आपटायचं. यशोदाबाई वाचताना कुंदा दुष्ट, हंसाबाई वाचताना द्वारका चांडाळीण. मजकूर तोच, मित्रांनो. एकही अक्षर बदललेलं नव्हतं. देवाच्या शपथेवर सांगते, अंगावर पुस्तक असूनही मला त्या रविवारांत गोष्ट ऐकू येईनाशी झाली. फक्त दोन आवाज ऐकू येत.

एकदा यशोदाबाईंनी दोन पानं एकदम उलटली. त्यात द्वारकाने समई लपवल्याचं होतं.

‘टीचर,’ हंसाबाई छताकडे बघत म्हणाल्या, ‘पानं चिकटली असतील. त्यांना सांगा थुंकी लावून उलटा.’

‘टीचर, पुस्तकाला थुंकी लावायची आमच्या घरात पद्धत नाही. बाकीच्या घरांचं मला माहीत नाही.’

‘दोघींना बाकावर उभं करीन,’ टीचर म्हणाल्या. त्या गमतीने म्हणाल्या नव्हत्या.

मग आला तो रविवार. कार्तिक लागला होता. यशोदाबाईंनी मागची खूण म्हणून पुस्तकात घातलेला कागद काढला आणि बाजूला ठेवला. जाड, सोनेरी कडेचा. हंसाबाईंनी तो ओळखला. रुचिताच्या लग्नाची पत्रिका. हंसाबाईंनी ती शेजारच्या माणसाकरवी पाठवली होती, पाकिटावर नाव घालून, परक्याला पाठवतात तशी.

हंसाबाई उठून उभ्या राहिल्या. ‘टीचर, माझ्या पोरीची पत्रिका पानात घालायला छापलेली नाही.’

‘टीचर, घरच्या माणसाला पत्रिका पाठवत नाहीत. ज्यांनी पाठवली त्यांना विचारा, ती ठेवायची कुठे.’

‘चुलीत घातली असती तरी चाललं असतं.’

‘माझ्याकडे गॅस आहे.’

रुचिता कोपऱ्यात बसली होती. ती उठली, मला वळसा घालून पुढे आली आणि पत्रिका उचलून पर्समध्ये टाकली. ‘आई, काकी, ऐका. हळद मी माझी मी लावून घेते. आमच्या दुकानात पाकीट मिळतं. मांडवात दोन खुर्च्या ठेवते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. वाचून झालं की या, नाहीतर नका येऊ.’ आवाज चढवला नाही तिने. चप्पल घालून जिना उतरून गेली.

त्या दिवशी शुभाची वाट न बघता सगळे उठले. पुस्तक उघडंच राहिलं माझ्यावर, आठवडाभर, पंख्याखाली. पानं फडफडत होती. मिटायला कुणी आलं नाही.

पुढचा रविवार शेवटचा. मला वाटलं, येणार नाहीत. पण चारला पाच मिनिटं असताना यशोदाबाई आल्या, चारला हंसाबाई. रुचिताही आली, पण दाराशीच उभी राहिली. शेवटचं प्रकरण वाचायची पाळी यशोदाबाईंची होती.

प्रकरण असं. कुंदा अंथरुणाला खिळलेली. वीस वर्षांनी द्वारका तिच्या दाराशी जाते. समई पदराखाली घेऊन जाते आणि बाहेर उभी राहून बोलते, दार उघडत नाही, तरी बोलते. अडीच पानांचं बोलणं. सगळं द्वारकाचं. म्हणजे इतके दिवस जी हंसाबाईंच्या तोंडून चांडाळीण झाली होती, ती आता यशोदाबाईंना स्वतः वाचायची होती.

त्यांनी सुरुवात केली. मी वाट बघत होते, आता सूर लावतील, आता ओवीवर जातील. सूर लागला नाही. नाकातलाही नाही, पोथीचाही नाही. अळूच्या वाफ्यावर उभं राहून शेजारणीला हाक मारावी तसा साधा, थोडा खरखरीत आवाज. तो आवाज मी चोवीस वर्षांत ऐकला नव्हता. ‘समई मीच लपवली,’ त्यांनी वाचलं, आणि थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा तीच ओळ वाचली. ‘समई मीच लपवली. तुझ्याकडे दोन मुलं होती, माझ्याकडे काय होतं ते सांग.’ पुस्तकातलंच होतं ते, मित्रांनो. मी खाली होते, मला अक्षरं पाठ आहेत. एक शब्द त्यांच्या पदरचा नव्हता.

हंसाबाई छताकडे बघत नव्हत्या.

आणि मग तो लेखक, त्याला मी काय म्हणू? शेवटच्या पानावर दार उघडतं ते शेजारीण उघडते. कुंदा सकाळीच गेलेली असते. द्वारका उंबऱ्यावर बसते, समई तिच्या मांडीवर. बस्स. इथे संपवलंय त्याने. पाचशे पानं आणि शेवटी हे.

यशोदाबाईंनी शेवटची ओळ वाचली आणि हात माझ्या कडेवर तसाच ठेवला.

‘फुडं?’ श्रीपतभाऊंनी विचारलं.

‘संपलं.’

‘संपलं म्हंजे?’

‘पुढे काही नाही. कोरं पान आहे.’

मग टीचर हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘मिटा, यशोदाताई.’

‘कशी मिटू?’

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता. खरंच विचारत होत्या. चातुर्मासातली एवढी वाचनं केलेली बाई माझ्यासमोर बसून विचारत होती. मी सासऱ्यांच्या काळापासूनची सगळी पानं आठवून बघितली. पान संपलं आणि शुभ आलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

तेव्हा हंसाबाई सरकल्या. मला ओढलं नाही, स्वतः सरकल्या. पुस्तकाचं ते कोरं पान आपल्याकडे फिरवलं, पदराने नाक पुसलं आणि त्यावर बोट ठेवून वाचायला लागल्या. नाकातच, शब्दाचं शेपूट ओढत. त्यांचा आवाजच तसा आहे.

‘कुंदा म्हणाली, मी मेलेली नाही अजून. शेजारीण काही पण बोलते.’ श्रीपतभाऊंनी तोंडावर हात धरला. हंसाबाईंचं बोट पुढे सरकलं. ‘कुंदा म्हणाली, बावखल बुजवलं ते बुजवलं. हे गेले तेव्हा घरात तांदूळ नव्हता. पोरीला काय पाणी पाजून शिकवायचं होतं? तीन खोल्या बांधल्या म्हणून ती शिकली. पण बुजवायच्या आधी पलीकडे जाऊन विचारायला पाहिजे होतं. ते विचारलं नाही. ते चुकलं.’ बोट पानाच्या तळाला आलं. ‘कुंदा म्हणाली, हळद एकोणीसला सकाळी आहे. हळद पत्रिकेत छापत नाहीत, ती घरच्यांचीच असते. यायचं तर या.’

त्या कोऱ्या पानावर एक टिंबही नव्हतं. जन्मभर माझ्यावर लिहिलेलंच वाचलं गेलं होतं. खोटं वाचलेलं हे पहिलंच. आणि मी, जी एवढी रागीट, गप्प राहिले.

यशोदाबाईंनी चष्मा नीट केला. पोथीला बसणाऱ्यांची चूक त्यांनी कधी सोडलेली नाही, एक काना राहिला तरी टोकायच्या. त्या कोऱ्या पानावर वाकल्या. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, टीचरांना मध्ये न घालता म्हणाल्या, ‘ “यायचं तर या” असं नसेल. नीट बघ.’

हंसाबाईंनी खरंच पुन्हा बघितलं. बोट मागे नेलं, पुढे आणलं.

‘ “या” एवढंच आहे,’ त्या म्हणाल्या.

यशोदाबाईंनी पुस्तक मिटलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग सगळं गोड झालं. तसं काही नाही. एकोणीसला मी वाचनालयातच होते, पण श्रीपतभाऊ जेवायला गेले होते, त्यांनी पुढच्या रविवारी सांगितलं. यशोदाबाईंनी रुचिताच्या गालाला पहिली हळद लावली आणि म्हणाल्या, ‘पातळ झालीये.’ हंसाबाई म्हणाल्या, ‘मग घट्ट वाटून आणायची होती, वहिनी.’ बावखल अजून बुजलेलंच आहे, विहीर अजून मचूळच आहे, आणि दोघी त्यावरून रोज बोलतात. अळूच्या वाफ्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलतात. गटाने दुसरी कादंबरी काढली आहे, तीही भांडणांचीच. मला अजून देवाची अक्षरं जास्त आवडतात, हे मी लपवत नाही.

पण एक मागणं मागते. तुमच्या घरी माळ्यावर, देवळाच्या कोठीत माझ्यासारखी कुणी खोक्याखाली पडली असेल तर तिला खाली काढा. कोरड्या फडक्याने पुसा, ओल्याने नको. कीड लागलेल्या जागी थोडं तेल चोळा. आपटू नका. तिच्यावर कुठलं पुस्तक ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. फक्त एकट्याने वाचायला तिला उघडू नका. समोर चार माणसं बसवा, आणि त्या चारांत एक तरी असं असू द्या ज्याच्याशी तुमचं बोलणं नाही.